वर गेलेले हात

आमच्या गल्लीत कुणी गेलं की सुपं पालथी पडतात. विडी वळणाऱ्या बाईच्या मांडीवर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत सूप असतं. त्यात कापलेली पानं, तंबाखू, कात्री, दोऱ्याचं रीळ. मयत उचलेपर्यंत कुणी विडी वळायची नाही, म्हणून सूप रिकामं करून उंबऱ्याशी पालथं घालायचं. हे कुणी शिकवत नाही. मराठी घर असो, तेलुगू असो, नाहीतर पलीकडच्या बोळातलं मुसलमानाचं असो, पालथं सूप दिसलं की येणारा-जाणारा आवाज खाली आणतो. जिवंत माणसासाठी सुपं पालथी पडलेली मात्र मी आयुष्यात एकदाच बघितली. त्या दुपारी माझ्या हातात माइक होता.

मी मंगळवेढ्याकडची. ज्वारीच्या रानात वाढलेली, हाताला विळा-खुरपं ठाऊक. लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा नवरा टॉवेलच्या मागावर होता, अजून आहे. सासूनं नव्या नवरीला सांगितलं, "हितं हात हालला तरच त्वांड हालतं, पोरी." विडी मला शिकवली ती शेजारच्या अक्कानं. अक्का तेलुगू. नवरा कधीच वारलेला, एकुलती लेक भिवंडीला दिलेली. मराठी तिला थोडंफार समजायचं, बोलायची त्याहून कमी. मी पान वाकडं कापलं की ती कात्रीच्या मुठीनं माझ्या बोटांवर टकटक मारायची आणि तेलुगूत माझा उद्धार करायची. त्यामुळं मला तिच्या शिव्या आधी आल्या, भाषा नंतर. पण पहिल्या बाळंतपणात आईची एसटी पोचेपर्यंत माझ्या उशाशी बसलेली तीच, आणि माझ्या पोराला पहिल्यांदा पायावर घेऊन न्हाऊ घालणारीही तीच. ती मला बिड्डा म्हणायची. बिड्डा म्हणजे लेकरू. तिचं पुढचं बोलणं मी मराठीत सांगतेय, पण बोलली ती सगळं तेलुगूत.

या तेलुगूमुळंच मी पक्षात गेले म्हणायला हरकत नाही. लाल झेंड्याचा पक्ष आमच्या भागात पहिल्यापासून होता. त्यांचे पुढारी मराठीत बोलायचे आणि समोरच्या निम्म्या बायांच्या डोक्यावरून जायचं. दोन्ही भाषा येणारी मीच एक बडबडी सापडले. मग काय, प्रत्येक सभेत कॉम्रेड मराठीत बोलणार आणि मी शेजारी उभी राहून तेलुगूत सांगणार. पक्षाला मी नावं ठेवतेय असं कुणी समजू नका. दवाखान्याची कार्डं मिळाली ती मोर्चे काढून मिळाली, आणि चारचौघांत पदर सावरत गप बसणारी मी बोलायला शिकले ती त्याच सभांमधून. आमच्या भागाच्या पुढाऱ्याला सगळे नुसतं कॉम्रेडच म्हणतात. साठीचा माणूस, कपाळावर लाठीची खूण, खडखडणारी मोटारसायकल. कुठल्या मालकाचा फुकटचा चहा त्यांनी घेतलाय, असं त्यांचा वैरीसुद्धा म्हणणार नाही.

त्यांची एक सवय होती. भाषण संपत आलं की आवाज चढायचा, उजवा हात मूठ वळून वर जायचा आणि ते विचारायचे, "मंजूर?" समोरचे हात फटाफट वर. घोषणा असली तरी हात वर, ठराव असला तरी हात वर. बायांना एवढंच पाठ झालं होतं की कॉम्रेडचा हात वर गेला की आपलाही न्यायचा. एकदा त्यांनी डोक्यावरची माशी हाकलली तर मागच्या रांगेतल्या दोघींचे हात वर गेले, आणि आम्ही पोट धरधरून हसलो होतो. तेव्हा ते हसण्यावारी गेलं.

आता चेकरचं सांगते. वळलेल्या विड्या घेऊन आम्ही कारखान्यात जातो. तिथं चेकर कट्टा, म्हणजे विड्यांची जुडी, हातात घेऊन दाबून बघतो आणि नापसंत विड्या बाजूला काढतो. त्याला छाट म्हणतात, तिची मजुरी मिळत नाही. छाट निघालेली विडी बाईच्या समोर मोडायची, ही जुनी रीत. मोडलेल्या विडीचा कुणाला उपयोग नाही, त्यामुळं उगीच कुणी छाटतही नाही. पण आमचा चेकर मोडायचाच नाही. छाट आपल्या पायापाशी टोपलीत टाकायचा, आणि संध्याकाळी ती टोपली धडधाकट विड्यांनी भरून परस्पर विकायला जाते हे सगळ्या बायांना ठाऊक होतं. बोलायची सोय नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार!

त्या दिवशी त्यानं अक्काच्या कट्ट्यातून मूठभर विड्या उपसल्या, आणि अक्कानं त्याचं मनगट धरलं.

"मोड," ती म्हणाली. "खराब आहेत ना? मग माझ्यासमोर मोड."

जन्मभर विड्या वळून तिची बोटं सांडशीसारखी झाली होती. त्यानं हिसडा दिला, तिनं सोडलं नाही. स्टूल कलंडलं आणि गडी टोपलीसकट खाली. चांगल्या चांगल्या विड्या फरशीभर पसरल्या. बाया खो खो हसल्या, आणि तेच नडलं. पडलेला तो विसरला असता, पण बायांचं हसणं कसा विसरणार? दुसऱ्या दिवशी फाटकावर मॅनेजरनं जाहीर केलं की म्हातारीनं चेकरला मारलं, तिचं काम कायमचं बंद. अक्काचं तोंड त्याला पहिल्यापासून नको होतं. सुंठीवाचून खोकला गेला असंच त्याला वाटलं असणार.

अक्काच्या वयाच्या बाईला दुसरा कारखाना दारात उभं करत नाही. भिवंडीला जावयाच्या एका खोलीत जाऊन पडायचं, एवढंच तिच्यापुढं उरलं होतं. आणि अक्का कशी, तर जावयाच्या घरी पाहुणी म्हणून गेली तरी तिसऱ्या दिवशी पिशवी भरणारी. "त्याच्या दारात भाकरी मोडण्यापेक्षा इथं उपाशी बसेन," एवढंच ती म्हणाली आणि ओट्यावर जाऊन बसली. मांडीवर सूप नव्हतं. 

आम्ही कुणाला विचारलं नाही. विड्या द्यायला आलेल्या बाया फाटकासमोरच्या मैदानात बसल्या त्या उठल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी येताना घरून रिकामी सुपं घेऊन आल्या आणि मांडीवर ठेवून बसल्या. कुणाच्या डोक्यातून ते निघालं कुणास ठाऊक. सूप नसलं तर हात कुठं ठेवायचे हेच आमच्या बायांना कळत नाही. झेंडा आला तो त्यानंतर. मग मांडव आला, माइक आला, कॉम्रेड आले. त्यांनी पोलिसांशी बोलून मैदान राखलं, रोज मॅनेजरच्या दारात जाऊन डोकं फोडलं. ते आले नसते तर आम्हाला पहिल्याच आठवड्यात हुसकून लावलं असतं, हेही खरंच आहे.

ऊन काय म्हणतंय! सोलापूरचं एप्रिलचं ऊन म्हणजे मांडवाच्या कापडातूनही डोक्याला चटका. घरात भांड्याला भांडं लागायला लागलं. नवरे कुरकुरायला लागले. माझाच नवरा एकदा म्हणाला, "तुजी अक्का तुला पोसनार हाय का?" मी ताट त्याच्यापुढं आपटलं आणि म्हटलं, "माज्या पोराला पायावर घेतलं तवा तू कुटं हुतास?" तो गप जेवला.

मग ती दुपार आली. कॉम्रेड फाटकातून बाहेर आले ते थेट माझ्याकडं, आणि मला कडुलिंबाखाली घेऊन गेले. चेहरा खुललेला होता.

"ताई, जिंकलो. छाट बाईच्या समोरच मोडायची, कबूल केलंय त्यांनी. कुठल्या कारखान्यानं आजवर हे कबूल केलं नव्हतं."

"आन् अक्का?"

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "त्यांच्याबद्दल पुढं चर्चा करू, म्हणतात."

"पुढं म्हंजे कवा?"

"ताई, हत्ती गेला, शेपूट राहिलंय. शेपटासाठी हत्ती परत बोलवायचा का?"

माझं टाळकंच सरकलं. "त्या शेपटानंच हत्ती हितवर वढून आनलाय, कॉम्रेड. तिनं मनगट धरलं नसतं तर तुमाला छाट म्हंजे काय त्ये तरी ठावं हुतं का?"

"ओरडू नका." ते इकडंतिकडं बघत म्हणाले. "मालकानं चार वाजेपर्यंतची मुदत दिलीय. होकार नाही आला तर हा कारखाना बंद आणि पान-तंबाखू सगळं अक्कलकोटच्या बाजूला. ही पोकळ धमकी नाही, ताई, मी त्या माणसाला ओळखतो. एवढ्या बायांच्या चुली एका बाईसाठी विझवायच्या? मी विझवू? तुम्हीच सांगा."

 खोटं कशाला सांगू? माझीही चूल त्याच फाटकातून पेटत होती. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "मंग बायांनाच इचारा की."

"विचारणारच आहे. त्याचसाठी तर सभा घेतोय."

एवढ्यात मैदानाच्या तोंडाशी एक टेम्पो थांबला. दोन माणसं उतरली आणि रस्त्यावरच्या बांबूंना भला मोठा फ्लेक्स बांधायला लागली. फ्लेक्स उलगडत खाली आला. विजय मेळावा, रविवार. वर मुंबईच्या पाहुण्यांचा दांडगा फोटो, बाजूला आमच्या कॉम्रेडचा बारका, आणि खाली कामगार बायांचा. त्या बाया आमच्या नव्हत्याच. पाठीवर टोपल्या बांधलेल्या, कुठल्याशा चहाच्या मळ्यातल्या.

मी कॉम्रेडकडं बघितलं. ते म्हणाले, "छपाईला आधीच द्यावं लागतं, ताई. पाहुण्यांची तारीख सहज मिळत नाही."

मी मांडवात गेले. अक्का पहिल्या रांगेत बसली होती. तिला मराठी वाचता येत नाही. तिनं हनुवटीनं फ्लेक्सकडं दाखवून विचारलं, "काय लिहिलंय?"

"आपण जिंकलो असं लिहिलंय."

"कधी?" तिनं विचारलं.

तेवढ्यात माइक खरखरला. कॉम्रेडनी सुरुवात केली. ते चांगले बोलतात, त्या दिवशीही बोलले. जगात कामगारांनी काय काय मिळवलं, एकीत काय बळ असतं, छाटीच्या लुटीला आज कसा पायबंद बसला. मी सांगत गेले, बाया माना डोलवत गेल्या. पुढचं वाक्य काय येणार हे मला ठाऊक होतं. ते आलं. "एका प्रश्नाबाबत चर्चेचं दार उघडं ठेवण्यात आलं आहे."

आता याचं तेलुगू काय करायचं? दार उघडं म्हटलं असतं तर बायांना वाटलं असतं अक्कालाच दार उघडलंय. मी सांगितलं, "सोमवारी आपण सगळ्यांनी आत जायचं. अक्का बाहेर राहणार."

इतकी वर्षं आमच्या गल्ल्यांतून फिरलेल्या माणसाला तेवढं तेलुगू कळत होतं. त्यांनी झटकन माझ्याकडं बघितलं. पण मला खोटं पाडलं नाही. घड्याळ बघितलं, मूठ वळली, आणि हात वर गेला.

"मंजूर?"

आणि हात वर गेले! एक, दोन, रांगच्या रांग. मला वाटलं जमीन दुभंगेल तर बरं. मग मी खाली बघितलं, तर पहिल्या रांगेत अक्काचा हात वर होता.

बसलेल्या बायांना एकमेकींच्या पाठी दिसत होत्या. मला उभीला तोंडं दिसत होती, म्हणून काय झालं ते मी बघितलं. कॉम्रेडचा हात वर गेला तसे सवयीनं अक्काच्या शेजारच्या दोघी-चौघींचे गेले. ते बघून अक्काला वाटलं, बायांचं ठरलंय, तर मी एकटीनं खाली कशाला ठेवू. आणि अक्काचाच वर गेलेला बघून बाकीच्यांना वाटलं, तिची तयारी आहे तर आपण कोण अडवणार. प्रत्येक बाई दुसरीच्या हाताकडं बघून हात वर करत होती, आणि सगळ्यांत आधी वर गेलेला हात तर आमच्यातल्या कुणाचा नव्हताच.

"एकमतानं..." कॉम्रेड म्हणायला लागले.

"कॉम्रेड," मी म्हटलं, "हात खाली घ्या."

माइक चालूच होता. माझाच आवाज कारखान्याच्या भिंतीवर आपटून माझ्या कानात आला.

"काय?"

"तुमचा हात खाली घ्या. मंग इचारा."

 फाटकाजवळचा पोलीस खुर्चीतून उठला. कॉम्रेडनी माइकवर तळवा दाबला आणि दात आवळून म्हणाले, "ताई, हे काय चाललंय? शिस्त काही आहे की नाही? तुम्ही पक्षाच्या सभासद आहात."

"व्हय, हाय की. म्हनूनच म्हनती. तुमचा हात वर हाय तवर हितं कुनाचाबी खरा हात दिसायचा न्हाय."

"चार वाजत आलेत!"

"वाजू द्यात."

मी भ्याले नव्हते असं म्हणणार नाही.  ज्या माणसानं मला बोलायला शिकवलं त्यालाच मी भर सभेत उलटून बोलत होते. कॉम्रेडनी आपल्या वरच राहिलेल्या हाताकडं बघितलं, जणू तो दुसऱ्याचाच. मग तो खाली आणला आणि खिशात घातला. बायांचेही एकेक करत खाली आले.

मी तेलुगूत सगळं पुन्हा सांगितलं. छाटीचं सांगितलं, अक्काचं सांगितलं, आणि नाही म्हटलं तर कारखानाच उठून जाऊ शकतो, हेही सांगितलं. त्यातलं काही लपवलं नाही. मग म्हटलं, "आता हात नको. अक्काला सोडून आत जायची तयारी असेल तिनं सूप आहे तसं मांडीवर ठेवा. नसेल तिनं पालथं घाला. आणि अक्का, तू पाठ फिरवून बस."

"मी का पाठ फिरवू?" अक्का भडकली. "मी चोरी केलीय?"

"त्या तुझ्या तोंडाकडं बघून ठरवतील. फीर म्हणते ना!"

ती पुटपुटत, मला शिव्या देत, फाटकाकडं तोंड करून बसली. तिची पाठ ताठ होती. तिचं लुगडं मानेखाली घामानं भिजलेलं मला दिसत होतं.

एकही सूप हललं नाही. मागच्या शेडमधले माग तेवढे खडखडत होते. मला वाटायला लागलं, झालं, सगळ्यांचं ठरलं, मी उगीच तमाशा केला. मग आमच्यातली सगळ्यांत म्हातारी, जिला ऐकायला कमी येतं, तिनं शेजारणीच्या तोंडाशी कान नेऊन सगळं परत विचारून घेतलं. मान हलवली. सूप उचललं, पदरानं पुसलं आणि जमिनीवर पालथं घातलं. तिच्या शेजारणीनं घातलं. पलीकडं तिघींनी एकदम घातलं. मग सगळीकडून सुपं जमिनीला टेकल्याचा आवाज यायला लागला. घोषणा नव्हती. काही सुपं सरळच राहिली. एक तरणी बाई तर सूप छातीशी धरून रडत होती, तिचा नवरा कंबर मोडून अंथरुणाला खिळलेला. तिला मी आजही बोल लावत नाही.

पण बहुतेक मैदान पालथं झालं होतं.

 पालथ्या सुपाचा अर्थ कॉम्रेडनाही ठाऊक होता, आमच्या कितीतरी मयतांना ते आलेले. मग हळू आवाजात मला म्हणाले, "कारखाना गेला तर ह्या बायांना तोंड तुम्ही दाखवायचं, ताई." आणि एकटेच फाटकातून आत गेले.

अक्का वळली. सगळीकडं पालथी सुपं बघून तिचा चेहरा उतरला, आणि तिनं घाबरून विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी नाही गं. तुझ्यासाठी आहे."

 समजलं तशी ती उठली, माझ्यापाशी आली आणि माझ्या बोटांवर तिनं फाडकन चापट मारली, पूर्वी कात्रीच्या मुठीनं मारायची तशीच. "गाढवे! माझ्यासाठी सगळ्यांच्या चुलीत पाणी ओतलंस? त्या अंथरुणातल्या माणसाला कोण खायला घालणार, तू?" मी म्हटलं, मी नाही ओतलं, त्यांनी ठरवलं. "त्यांनी ठरवलं म्हणे," ती म्हणाली, आणि तोंडात पदर कोंबून अशी रडायला लागली की मला तिला धरून खाली बसवावं लागलं. आभार-बिभार काही नाही. पुढं कितीतरी दिवस ती मला या गोष्टीवरून बोलत होती.

चार वाजून गेले. फाटक बंदच. कुणी पाणीसुद्धा पीत नव्हतं. मला एकसारखं दिसत होतं, कॉम्रेड येणार, मान हलवणार, आणि सगळ्या बाया माझ्याकडं वळून बघणार. मंगळवेढ्याला परत जायची एसटी कितीला असते, इथपर्यंत माझं मन जाऊन आलं.

ते आले तेव्हा सदरा पाठीला चिकटलेला होता. माझ्याकडं आले नाहीत, माइककडं गेले नाहीत. थेट अक्कापुढं जाऊन उभे राहिले आणि तोडक्यामोडक्या तेलुगूत म्हणाले, "सोमवारी. तुम्हीसुद्धा."

आत काय झालं ते त्यांनी मला नंतर चहा पिताना सांगितलं. मॅनेजर हसून म्हणाला होता, "तुम्ही सांगितलं की बाया ऐकतात, साहेब. सांगा की." आणि कॉम्रेडना म्हणावं लागलं, "नाही ऐकत. मी हात वर केला, त्यांनी खाली घ्यायला लावला." मॅनेजरचं हसू तिथंच मावळलं. पुढाऱ्याशी मालकाचं नेहमी जमायचं, मागण्यांतलं त्याला काहीतरी द्यायचं, काहीतरी ठेवून घ्यायचं. ज्या पुढाऱ्याचं बायाच ऐकत नाहीत त्याच्याशी काय जमवणार? मॅनेजरनं मालकाला फोन लावला, दोनदा लावला, आणि अक्काचं काम परत चालू करायचं कबूल केलं. "लाज वाटली हो मला ते बोलताना," कॉम्रेड म्हणाले. "आणि त्याच बोलण्यानं काम झालं." बशीत सांडलेला चहा ते परत कपात ओतत बसले.

म्हणून मी सुटले असं नाही. शनिवारी पक्षाच्या ऑफिसात मला बोलावलं. भर सभेत नेतृत्वाचा अवमान, मालकाच्या लोकांसमोर फूट दाखवणं, असं बरंच काय काय. बाजूच्या तालुक्यांतून आलेले दोघे तर माझ्यावर असे तुटून पडले जसा काही चेकर मीच. मी म्हटलं, "बायांनी काय ठरवलं त्ये बायांना इचारलं, यात फूट कुटली?" कुणी ऐकलं नाही. मला समज द्यावी असा ठराव आला. सगळ्यांचे हात वर गेले. कॉम्रेडचाही गेला. मी त्यांच्याकडंच बघत होते. या वेळी त्यांनी आधी सगळ्यांचे वर जाऊ दिले, आणि मग आपला केला. घरी येईपर्यंत मी रस्त्यानं रडत आले. राग होता, आणि वाईटही वाटत होतं. पक्ष माझाही होता.

रविवारी मेळावा. तोच फ्लेक्स, त्याच चहाच्या मळ्यातल्या बाया. कॉम्रेडचा निरोप आला, "ताई, माइकवर तुम्हीच या." समज दिलेली असली म्हणून काय झालं, दुसरी दुभाषी आणणार कुठून? मी गेले. अक्का पहिल्या रांगेत, नवं लुगडं नेसून, मांडीवर सूप. सगळ्याच बाया सुपं घेऊन आल्या होत्या, आता ती सवयच झाली होती. मुंबईचे पाहुणे उंचेपुरे, आवाज खणखणीत. पक्षानं या भगिनींना विजयाकडं नेलं, ते म्हणाले. मी जसंच्या तसं सांगितलं. बाया एकमेकींकडं बघून खुदकन हसल्या, आणि पाहुण्यांना वाटलं त्या खूश झाल्या. मग मुंबईच्या महामोर्चाचा ठराव निघाला. पाहुण्यांचं बोलणं भरभर सुटलं, मला मध्ये घुसायला फटच देईनात. आवाज चढला, मूठ वळली, हात वर गेला.

"मंजूर?"

एकही हात वर गेला नाही. सगळ्या बाया सुपांवर हात ठेवून त्यांच्याकडं बघत बसलेल्या. पाहुण्यांनी पुन्हा विचारलं, हात आणखी उंच केला.  त्यांना काही कळेना, ते माझ्याकडं बघायला लागले. माझी बोलायची हिंमत झाली नाही, एका दिवसापूर्वीच समज घेऊन आलेली मी. मागची खुर्ची सरकली. आमचे कॉम्रेड उठले, पाहुण्यांच्या शेजारी गेले आणि त्यांच्या कानाशी वाकले. माइक जवळच होता.

"हात खाली घ्या," ते म्हणाले, "मग विचारा."

पाहुण्यांचा हात हळूहळू खाली आला. तेव्हा पहिल्या रांगेतून अक्कानं मान वर केली आणि मला हाक मारली.

"आता सांग, बिड्डा. काय म्हणाला तो पाहुणा? सावकाश सांग."